रोबो दुःखी दाखवायचाय, सगळ्यांना दमलेला वाटतोय

कीफ्रेमवाली: ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटी फिल्म करतेय. चहाच्या टपरीवरचा जुना रोबो. डोळे नाहीत, तोंड नाही. मालक टपरी विकतो आणि हा निघून जातो. खांदे पाडले, मान खाली घातली, चाल मंद केली. तरी ज्याला दाखवावं तो म्हणतो, "दमलाय बिचारा." चेहरा लावूनच टाकू का?

पेन्सिलटेस्ट: अजिबात नको! चेहरा लावलास की सगळे तिथंच बघणार आणि अंग मेलेलंच राहणार.

तुझी गल्लत वेगाची आहे. २००१ साली फ्रँक पॉलिक या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. नटांनी वेगवेगळ्या भावनांत दार ठोठावायचं, पाणी प्यायचं. प्रेक्षकांना दिसणार फक्त हाताच्या सांध्यांवरचे ठिपके. तेवढ्यावरही लोकांना भावना बऱ्यापैकी ओळखता आल्या. पण वेग आणि झटके यांतून कळत होतं ते भावना किती जोरकस आहे एवढंच. ती सुखाची की दुःखाची, याचा संबंध खांदा, कोपर, मनगट एकमेकांच्या किती मागेपुढे हलतात याच्याशी निघाला. तू नुसता वेग कमी केलास. मंद तर दमलेलाही असतो आणि दुःखीही.

म्हणून वेग थोडा वाढव. दमलेल्याला वजन झेपत नाही, तो टेकायला जागा शोधतो. तुझ्या रोबोत ताकद आहे, त्याचा पाय निघत नाहीये. किटली उचलू दे, परत ठेवू दे. धड वळलं तरी हात किटलीवरच, मनगट सगळ्यात शेवटी सुटलं पाहिजे. आधी मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढ. (आमच्या स्टुडिओत याला लाजणारी पोरं फार. त्यांचे शॉट लगेच ओळखू येतात.)

त्रिकोणी: मला वाटतं, अर्धं काम कथा करते. हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांच्या १९४४ च्या फिल्ममध्ये दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ आहे, बाकी एक चौकट. तरी बघणाऱ्यांना त्यात भांडण आणि दादागिरी दिसली. मालक टपरी विकून किल्ली देतो तो शॉट रोबो निघण्याआधी आहे का?

कीफ्रेमवाली: नाही, नंतर आहे.

पेन्सिलटेस्ट: मग तो आधी घे. पण किटलीचं टाळू नकोस, कारण किल्ली बघूनही रोबो नुसता मंद चालत गेला तर तो निर्विकार वाटेल. १९८६ च्या 'लक्सो ज्युनियर' या पिक्सारच्या छोट्या ॲनिमेशन फिल्ममधला छोटा दिवा बघ. चेंडू फुटल्यावर मान टाकतो तिथं एकेक फ्रेम थांबवून बघ.

कीफ्रेमवाली: बघते. मनगटाला किती फ्रेम उशीर ठेवू? २४ एफपीएस आहे, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम.

पेन्सिलटेस्ट: कोपरानंतर चार ठेवून बघ. रबरासारखं वाटलं तर दोन.