पॉलिशिंगचा रोबो पोलादावर आपटत राहतो, लाकडावर नाही. फोर्स कंट्रोलमध्ये काय चुकतंय?

यंत्रवेडा

सहा अक्षांचा रोबो, मनगटावर सहा अक्षांचा फोर्स-टॉर्क सेन्सर, पुढे १.२ किलोचं पॉलिशिंग टूल (६००० आरपीएम). कंट्रोलर दर ८ मिलिसेकंदांनी वेगाची कमांड घेतो. हवं असलेलं बल १० न्यूटन. त्यातून मोजलेलं बल वजा करून दर न्यूटन फरकाला १ मिमी/सेकंद वेग देतो (हाच गेन). सिग्नलवर १० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याहून वेगवान कंपनं गाळणारा) आहे.

नरम लाकडावर छान चालतं. पोलादावर टेकलं की सेकंदाला साधारण सहा वेळा आपटतं, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) बंद असला तरी. गेन निम्मा करूनही थांबत नाही, आणि फिल्टर ५ हर्ट्झवर आणला तर आणखी बिघडतं. शिवाय टूल ३० अंश तिरकं केलं की काहीही न टेकता सेन्सर आडव्या दिशेत सहा न्यूटन दाखवतो. सेन्सर खराब आहे का?

स्पर्शमापक

सेन्सर ठीक आहे. तुमच्या लूपमध्ये, म्हणजे बल मोजून वेग बदलण्याच्या चक्रात, उशीर जास्त आहे आणि त्या मानाने गेन फार मोठा आहे.

टूल टेकल्यावर बल वाढण्याचा दर म्हणजे ताठरपणा गुणिले वेग. म्हणून लूपचा खरा गेन हा तुमचा गेन आणि संपर्काचा ताठरपणा यांचा गुणाकार असतो. पोलादावर रोबो, सेन्सर आणि टूल मिळून १०० न्यूटन/मिमी धरू. १ मिमी/सेकंद प्रति न्यूटन या गेनने गुणाकार येतो १०० प्रति सेकंद. आता उशीर: १० हर्ट्झचा फिल्टर सुमारे १६ मिलिसेकंद, कमांडचं चक्र ८, रोबोला कमांड गाठायला आणखी १६ धरा. एकूण ४०. हा गुणाकार आणि उशीर यांचा गुणाकार १.५७ च्या वर गेला की लूप अस्थिर होतो. तुमचा येतो ४. निम्म्या गेनला २, म्हणजे तोही मर्यादेबाहेरच. मर्यादेवरची थरथर ६.२५ हर्ट्झची निघते, तुम्हाला दिसते तीच. लाकडाचा ताठरपणा कमी, म्हणून तिथे निभावतं.

गेन ०.१ वर आणा. मग गुणाकार ०.४ होतो, पुरेशी मोकळीक राहते. आकडे गृहीत धरू नका, मोजा. टूल टेकवून ०.१ मिमीच्या पाच-सहा पावलांनी दाबा आणि बलाचा उतार काढा. रोबोचा हात दुमडलेला असताना ताठरपणा वाढतो, त्यामुळे कामाच्या जागेतल्या सर्वांत ताठर ठिकाणी मोजलेला आकडाच वापरा.

गतिशास्त्री

अ‍ॅडमिटन्स कंट्रोल (मोजलेल्या बलावरून रोबोची हालचाल ठरवणारी पद्धत) लिहून त्यात आभासी, म्हणजे फक्त गणितातलं, वस्तुमान वाढवलं तर थरथर मऊ होईल ना?

स्पर्शमापक

उलट होईल. आभासी वस्तुमान हा आणखी एक फिल्टर, म्हणजे आणखी उशीर. वाढवायचं ते डॅम्पिंग, म्हणजे वेगाला होणारा विरोध. गेन ०.१ म्हणजेच १०,००० न्यूटन-सेकंद/मीटर डॅम्पिंग. वस्तुमान जमेल तितकं लहान ठेवा.

०.१ गेन फार संथ वाटला तर टूल आणि सेन्सरच्या मध्ये १० न्यूटन/मिमीचा रबरी पॅड बसवा. एकूण ताठरपणा नवाच्या आसपास येतो आणि गेन दहापट वाढवता येतो. पॉलिशिंगला जागेची मिमीच्या दशांशाइतकी अचूकता लागत नाही, त्यामुळे मी तरी आधी पॅडच बसवेन. सॉफ्टवेअर कितीही सुधारलं तरी पहिल्या ४० मिलिसेकंदांत रोबोला टक्कर झाल्याचा पत्ता नसतो. २० मिमी/सेकंद वेगाने पोलादावर गेलात तर तेवढ्यात ०.८ मिमी घुसतो, म्हणजे ८० न्यूटन. शेवटचे ५ मिमी २ मिमी/सेकंदने जा, धक्का ८ न्यूटनवर येतो.

सेन्सरमित्र

सहा न्यूटनचं उत्तर सोपं आहे. १.२ किलोचं वजन ११.८ न्यूटन, त्याचा ३० अंशांतला आडवा भाग ५.९. टूलच्या अक्षावरही १.६ न्यूटनचा फरक पडतो, म्हणजे १० न्यूटनच्या कामात १६ टक्के चूक. एका स्थितीत केलेलं टेअर (वजन धरून शून्य करणं) त्याच स्थितीपुरतं असतं.

टूल हवेत सहा-सात वेगवेगळ्या दिशांना स्थिर धरून बल आणि टॉर्क नोंदवा. लीस्ट स्क्वेअर्सने (सगळ्या नोंदींशी कमीत कमी चुकीने जुळणारे आकडे काढण्याची रीत) वजन, गुरुत्वमध्य आणि सेन्सरचा शून्यदोष काढा. प्रत्येक चक्रात रोबोच्या कोनावरून वजनाचा भाग वजा करा. केबल ताणलेली असेल तर सगळा हिशोब फसतो, तिला मनगटापाशी सैल वळसा द्या. सेन्सरमधल्या स्ट्रेन गेजची (ताण मोजणाऱ्या पट्ट्यांची) वाचनं गरम होताना सरकतात, म्हणून अर्धा तास चालू ठेवून मगच कॅलिब्रेट करा आणि प्रत्येक संपर्कापूर्वी हवेत शून्य करा.

आता फिल्टर. ६००० आरपीएम म्हणजे १०० हर्ट्झचं कंपन. सेन्सर दर ८ मिलिसेकंदांनी, म्हणजे १२५ हर्ट्झने वाचलात तर ते २५ हर्ट्झचं खोटं कंपन होऊन येतं, आणि नंतर ते ओळखण्याचा मार्ग उरत नाही. सेन्सर १००० हर्ट्झने वाचा आणि सलग १० वाचनांची सरासरी घ्या. १०० हर्ट्झ पूर्ण कापलं जातं आणि उशीर १६ ऐवजी ५ मिलिसेकंदांच्या आत येतो. भाराखाली स्पिंडलचा वेग उतरला की कंपन १०० हर्ट्झवरून सरकतं आणि पूर्ण कापलं जात नाही, तेवढं लक्षात ठेवा.

गतिशास्त्री

बल-नियंत्रण फक्त पृष्ठभागाला लंब दिशेत ठेवा, बाकी दिशा पोझिशन कंट्रोलवर. रेबर्ट आणि क्रेग यांनी १९८१ मध्ये मांडलेली हायब्रिड पद्धत हीच. वेगाला ५ मिमी/सेकंदची कमाल मर्यादा घाला, नाहीतर कडेवरून टूल निसटलं की रोबो बल शोधत खाली जात राहतो. बल ०.२ सेकंद २ न्यूटनच्या खाली राहिलं किंवा ४० च्या वर गेलं तर थांबवून टूल लंब दिशेत मागे घ्या. स्पिंडल चालू असताना जागीच थांबलात तर पृष्ठभागावर खड्डा पडेल.