पहिला पॉवर ॲम्प्लिफायर: ड्रायव्हर चिप आणि आउटपुट ट्रान्झिस्टर, की सरळ एकच चिप?

सोल्डर_पुणेकर
पहिला ॲम्प्लिफायर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला हल्ली एकच सल्ला मिळतो: एलएम३८८६ किंवा टीडीए७२९४ यांसारखी अख्खा ॲम्प्लिफायर पोटात असलेली चिप घ्या, हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) स्क्रूने बसवा, झालं. मला हा सल्ला पटत नाही. एलएमई४९८१० सारखी ड्रायव्हर चिप घ्यावी आणि तिच्यापुढे स्पीकरला करंट देणाऱ्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांची जोडी स्वतःच्या हाताने लावावी, असं माझं ठाम मत आहे.

ड्रायव्हर चिपमध्ये इनपुटचा आणि व्होल्टेज वाढवणारा भाग तयार मिळतो. तिथे ट्रान्झिस्टर जुळवत बसावं लागत नाही. उरतो आउटपुटचा भाग, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मल्टिमीटर लावायचा, प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) अगदी सावकाश फिरवायचा आणि आकडा २० मिलिव्होल्टच्या आसपास आणायचा, म्हणजे गाणं वाजत नसतानाचा करंट, ज्याला बायस म्हणतात, साधारण ९० मिलिॲम्पिअर. मग हात बाजूला घेऊन नुसतं बघत राहायचं. हीटसिंक तापला की ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं आणि करंट वर चढायला लागतो. हा बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच का बसवायचा, हे त्या दहा-पंधरा मिनिटांत जे कळतं ते पुस्तकातून कळत नाही.

बैठक_८७डीबी
पूर्ण असहमत. प्रश्न पहिल्या ॲम्प्लिफायरचा आहे. एलएम३८८६ ला ±२८ व्होल्ट दिले की ४ ओहमवर ६८ वॉट मिळतात. फ्लॅटच्या हॉलमध्ये त्यातले पाच वॉटही आपण क्वचित वापरतो. शॉर्ट झालं, जास्त तापलं तर चिप स्वतःला सांभाळते. तुमच्या जोडीला ही सोय कुठे आहे? नवख्याने प्रीसेट उलटा फिरवला की दोन्ही ट्रान्झिस्टर गेले, आणि जाताना सप्लायचे ३५ व्होल्ट थेट वूफरवर. कॉइल काही सेकंदांत जळते. शिकायचं तर आहेच, पण आधी घरात गाणं वाजू दे, मग शिकू.

सर्व्हिस_बेंच
मंडळांचे, बँडवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, म्हणून लिहितो. दुरुस्तीला ट्रान्झिस्टरवालाच परवडतो. एक जोडी, दोन एमिटर रेझिस्टर, फ्यूज बदलला की पेटी परत चालू. पण माल खरा कुठे मिळतो? बाजारात ५२०० च्या नावाने जे विकलं जातं त्यातलं बरंच बनावट असतं. जळालेला नग मी पान्यात धरून फोडतो. खऱ्यात सिलिकॉनचा चांगला मोठा चौकोन दिसतो, खोट्यात कोपऱ्यात इवलासा तुकडा. वर छापलेलं मात्र तेच, १५ ॲम्पिअर. तो कमी आवाजावर महिनोन् महिने चालतो आणि मिरवणुकीच्या दिवशी उडतो. अधिकृत वितरकाकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

सोल्डर_पुणेकर
@बैठक_८७डीबी, वूफरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो दोघांनाही लागू आहे. चिपच्या आतलं आउटपुट शॉर्ट झालं तरी डीसी स्पीकरवरच जाणार. डीसी दिसताच स्पीकर तोडणारा, यूपीसी१२३७ या संरक्षण चिपवर चालणारा रिले बोर्ड दोन्हीकडे हवाच. आणि पहिल्यांदा वीज देताना मेन्सच्या वाटेत १०० वॉटचा जुना फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जा, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. फक्त बायस लावताना तो काढायचा, नाहीतर सप्लाय पडतो आणि आकडा चुकीचा दिसतो.

ओहम_डोंबिवली
एका गोष्टीकडे कोणी पाहिलं नाही. एलएमई४९८१० आउटपुटला साधारण ६० मिलिॲम्पिअर देते. ±३५ व्होल्टवर ४ ओहमचा स्पीकर शिखरावर ७ ॲम्पिअरच्या वर खेचतो. तिथे ५२०० चा गेन (बेसचा करंट किती पट वाढतो तो आकडा) ३५ इतका खाली येऊ शकतो, म्हणजे बेसला २०० मिलिॲम्पिअर हवेत. चिप आणि जोडीच्या मध्ये २एससी४७९३ आणि २एसए१८३७ सारखी ड्रायव्हर जोडी न लावता कोणी बोर्ड विकत असेल तर घेऊ नका.

बैठक_८७डीबी
बघा, म्हणजे आणखी एक जोडी आली. शिवाय अशाच ड्रायव्हर चिपांपैकी एलएम४७०२ चं उत्पादन बंद झालं, एलएमई४९८३० चंही बंद झालं. अशी चिप बाजारातून गेली की ऑनलाइन मिळणार तोही डुप्लिकेट माल. तुमच्याच तर्काने जायचं तर इनपुटही ट्रान्झिस्टरनेच का बांधू नये?

सोल्डर_पुणेकर
दुसऱ्या ॲम्प्लिफायरला तेच करा, मी स्वतः सांगेन. पहिल्यांदाच सगळा डिस्क्रीट, म्हणजे सुट्या ट्रान्झिस्टरांचा, घेतला आणि ऑसिलेशन आलं, म्हणजे ॲम्प्लिफायर आपोआपच थरथरत राहिला, तर दोष इनपुटला आहे की आउटपुटला, हे स्कोपशिवाय (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्राशिवाय) शोधणं नवख्याला जमत नाही. ड्रायव्हर चिपमुळे निम्मी शंका मिटते. ओहम म्हणतात ती मधली जोडी मात्र ४ ओहमला लावाच.