मदत हवी आहे : आजीचे धवले रेकॉर्ड कसे करू?
नमस्कार मंडळी. आम्ही घणसोलीचे आगरी. माझी आजी धवलारीण, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी (धवले) गाणारी. १९७० साली सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, पुढे शेतं गेली, पण गावातल्या लग्नांत तिचे धवले चालूच राहिले. आता वय ८४. मोबाईल समोर धरला की दुसऱ्याच ओळीला अडते. काल मात्र सुकट निवडता निवडता सलग वीस मिनिटं गायली! मी फोन शोधेपर्यंत सुकट संपली, गाणंही. आईला निम्मे येतात, मला हळदीचा डीजेच पाठ (लाज वाटते). गुपचूप रेकॉर्ड करणं पटत नाही.

कुणी घरी असं काही केलंय का? आगरी उच्चार लिहायचे कसे? आणि आमच्या जवळच्या गोठिवली, तळवलीत कुणाची आजी धवले गाते का? दोघींना एकत्र बसवलं तर एकीचं अडलेलं दुसरी उचलेल.