मदत हवी आहे : स्तोत्रसंहितेतून रोजची प्रार्थना करतोय, शत्रूंच्या स्तोत्रांशी आलं की अडतो

पॉइंट्समन_भुसावळ

सर्वांना सलाम.

मी भुसावळला रेल्वेत आहे, पाळीची ड्यूटी. घरी बायको, दोन मुलं आणि आई. गेल्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. आयुष्यभर पहाटे उठून, चूल पेटायच्या आधी एक स्तोत्र वाचणारी ही बाई. आता तिला पवित्र शास्त्र (बायबल) हातात धरवत नाही, म्हणून मी खाटेशेजारी बसून वाचतो. तिच्यासाठी वाचता वाचता मलाच त्याची ओढ लागली. आता ते वाचन माझंही मनन व्हावं, त्यातून प्रार्थना यावी असं फार वाटतं. दोन ठिकाणी गाडी अडते, म्हणून इथं विचारतोय.

पहिलं, क्रम. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधला १५० स्तोत्रांचा भाग, त्यात मी १ पासून सरळ निघालो. पण रात्रपाळी करून सकाळी घरी येतो तेव्हा डोळे मिटत असतात, आणि समोर ५वं स्तोत्र, सकाळी देवापुढे आपली विनंती मांडून वाट पाहणाऱ्याचं. दुसऱ्या दिवशी मन प्रसन्न असतं तर पुढे ६वं, रडून रडून अंथरूण भिजवणाऱ्याचं. स्तोत्र एकीकडे, मी एकीकडे. दिवसाला साजेसं निवडून वाचावं, की येईल ते वाचावं?

दुसरं जास्त अवघड आहे. वडील गेल्यापासून रावेरकडच्या शेतावरून मोठ्या भावाशी बिनसलं आहे. केळीचं शेत, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत, पण माझ्या पाळीच्या दिवशी स्टार्टरच्या पेटीला त्याचं कुलूप असतं. बटाईदार मला फोन करतो, मी यार्डात असतो, काही करता येत नाही. अशात ३५वं स्तोत्र आलं : माझ्याशी झगडणाऱ्यांशी, देवा, तू झगड. वाचताना भावाचा चेहरा समोर. पुढे १०९ उघडून पाहिलं. त्याची मुलं पोरकी होवोत, बायको विधवा होवो. अहो, ती मुलं माझ्या मुलांबरोबर खेळलेली आहेत. त्या ओळी तोंडातून निघत नाहीत. आणि एखाद्या दिवशी फार सहज निघतील, याची जास्त भीती वाटते.

त्यात आईला १३३ तोंडपाठ, बंधूंनी ऐक्याने एकत्र राहण्याचं. बोटाने खुणा करून ती तेच मागते. तीनच ओव्या, पण तिच्यासमोर मला त्या पूर्ण करवत नाहीत.

अशी स्तोत्रं गाळावीत का? वाचायची तर कशी? आणि आईला नुसतं ऐकण्यापेक्षा जास्त काही करता येईल का?

रंगावली

जय ख्रिस्त दादा. आम्ही नवापूरकडचे. क्रमाचं मी सांगते, शत्रूंचं जाणत्यांनी सांगावं.

आमच्याकडे तारखेची रीत आहे. आज ५ तारीख असेल तर ५वं, मग तीस-तीस वाढवत ३५, ६५, ९५, १२५. महिन्यात १५० होतात. पाचही वाचायची सक्ती करून घेऊ नका. पाचही नजरेखालून घाला, त्यातलं एक थांबवेल, तेच घेऊन बसा. म्हणजे निवडही झाली आणि आपल्याला आवडतात तेवढीच वाचली असंही झालं नाही. ११९ मात्र यात बसत नाही. १७६ वचनं आहेत, आठ-आठच्या बावीस कडव्यांत. ते रोज एक कडवं असं वेगळं ठेवा.

मन प्रसन्न असताना रडण्याचं स्तोत्र आलं तर ते दुसऱ्या कुणासाठी म्हणा. मंडळीत (आपल्या चर्चच्या लोकांत) त्या दिवशी कुणीतरी रडत असतंच. ६वं वाचताना मी दवाखान्यात असलेल्या एकाचं नाव घेते आणि ‘मी’च्या जागी त्याला उभं करते. अशाने स्तोत्र परकं राहत नाही आणि मध्यस्थीची प्रार्थनाही होते.

तुमच्या ड्यूटीचं म्हणाल तर घड्याळ सोडा, झोप धरा. ४थं स्तोत्र स्वस्थ पडून झोपी जाणाऱ्याचं आहे. तुम्ही सकाळी नऊला झोपत असाल तर तेव्हाच म्हणा. रात्री जागणाऱ्यांसाठी तर मुद्दाम ठेवलेली स्तोत्रं आहेत. १३० मध्ये पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत, १३४ मध्ये रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणारे सेवक, आणि १२१ मध्ये इस्राएलाचा रक्षक, जो झोपत नाही, डुलकीही घेत नाही. यार्डात हातात दिवा घेऊन उभं असताना याहून जवळचं काय असेल?

धुळ्याची_सिस्टर

भाऊ, मी नर्स आहे, आईंबद्दल लिहिते. झटक्यानंतर ज्यांचं बोलणं जातं, त्यांच्यापैकी पुष्कळांना स्वतःहून वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं पाठ असलेलं किंवा गायलेलं तोंडातून येतं. वॉर्डात हे आम्ही पाहतो. घरी नाव विचारलं तर सांगता येत नाही अशी आजी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ शेवटपर्यंत म्हणते.

म्हणून त्यांना नुसतं ऐकायला लावू नका. १३६ घ्या. सव्वीस वचनं, आणि प्रत्येकाचा शेवट एकच : ‘त्याची दया सनातन आहे’. पहिला भाग तुम्ही वाचा, मग थांबा. घाई नको. त्यांचे ओठ हलतील तेवढं पुरे, शब्द पूर्ण आलाच पाहिजे असं नाही. पहिल्या दिवशी पाच-सहा वचनांवरच थांबा, थकवू नका. मुलांनाही शेवट म्हणायला बसवा. बाकी स्तोत्रांतही वचनाचे दोन भाग असतात, दुसरा भाग पहिल्याला साथ देतो, त्यामुळे आळीपाळीने म्हणणं सोपं जातं. आईंना ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातली गीतं पाठ असतील तर शेवटी त्यातलं एखादं गा. गाण्यात आवाज जास्त मोकळा होतो.

डॉक्टरांनी सांगितलेली स्पीच थेरपी चालूच ठेवा. हे तिच्या जागी नाही, तिच्या जोडीला.

पांझराकाठ

पॉइंट्समन भाऊ, मी चर्चचा निवृत्त पाळक. तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘सहज निघतील याची भीती वाटते’ हे तुम्ही लिहिलंत, तिथंच प्रार्थना सुरू झाली आहे असं मी समजतो.

एक गोष्ट पक्की धरा. शापाच्या स्तोत्रांत बोलणारा माणूस शत्रूशी बोलत नाही, देवाशी बोलतो. सूड स्वतःच्या हाती घेत नाही, तो देवापुढे नेऊन ठेवतो आणि हात मोकळे करतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल तेच सांगतो, १२व्या अध्यायात : सूड तुम्ही उगवू नका, ते देवाचं काम. कुलूप पाहून जो राग येतो तो कुठंतरी जाणारच. भावाच्या दारात जाण्यापेक्षा तो देवाच्या दारात गेलेला बरा.

पण तुमच्यासाठी सुरुवात १०९ नाही, ५५ आहे. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझ्या बरोबरीचा, माझा सोबती, ज्याच्याशी मी गोड गोष्टी करत देवाच्या घरी जात होतो तो, असं तिथं १२ ते १४ मध्ये आहे. परक्याचं दुःख आणि आपल्या माणसाचं दुःख यांतला फरक दाविदाच्या या स्तोत्राला ठाऊक आहे. पुढच्याच वचनात शापही आहे, तो झाकलेला नाही. आणि २२व्या वचनात : आपला भार परमेश्वरावर टाक. हे एकच स्तोत्र आठवडाभर धरा. मोठ्याने वाचा, पण एकटे असताना, आईसमोर नको. राग येईल त्या वचनाशी थांबा आणि स्वतःच्या शब्दांत सांगा : प्रभू, मोटारीला कुलूप आहे, केळीचे घड वाळताहेत, मला राग आला आहे. एवढं थेट.

मग १३९ कडे या. ते आपण निम्मंच वाचतो, आईच्या उदरात घडवल्याचं सुंदर वर्णन येतं तिथपर्यंत. १९ ते २२ मध्ये दुष्टांचा पराकाष्ठेचा द्वेष आहे. आणि लगेच २३ : देवा, माझी झडती घे, माझं हृदय जाण. द्वेष बोलून झाल्यावर तोच माणूस स्वतःला तपासायला देतो. हा क्रम मोडू नका. झडतीच्या आधी राग बोलला पाहिजे, आणि राग बोलल्यावर झडती चुकवायची नाही.

आता एक जड काम सांगतो, जमेल तेव्हा करा. ३५वं स्तोत्र भावाच्या तोंडचं आहे असं समजून एकदा वाचा. विहिरीच्या पलीकडे तोही तेच स्तोत्र वाचत असेल, आणि त्याच्या डोळ्यांसमोर तुमचा चेहरा असेल. तो देवापुढे तुमच्याविरुद्ध काय मांडत असेल? त्याचं खरं असो वा खोटं, तो काय म्हणेल हे शब्दांत आणा. मंडळीत वाटण्यांचे तंटे फार पाहिले. ज्याने हे केलं त्याचा पुढचा शब्द वेगळा निघाला.

६९ही पाहा. त्यात शाप आहेत, आणि त्यातच तहानेला आंब (आंबट द्राक्षारस) दिल्याचं वचन आहे, जे येशूच्या वधस्तंभाशी पूर्ण झालं. ज्या ओठांना आंब लावली त्याच ओठांनी ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ म्हटलं. आपण शापाची स्तोत्रं त्या प्रभूच्या मागे उभं राहून वाचतो, एकटे नाही.

नंदुरबार_कॅथलिक

पाळकसाहेबांचं म्हणणं आवडलं, पण एक दुसरी बाजूही मांडतो. आमच्या कॅथलिक प्रहर-प्रार्थनेत, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळांच्या प्रार्थनेत, चार आठवड्यांत स्तोत्रं म्हटली जातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची सभा, १९६२-६५) तिची नवी रचना झाली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्णच वगळली. इतर काही स्तोत्रांतलीही अशी वचनं काढली, १३७ चा शेवट त्यातलाच. त्यामुळे १०९ गाळलं तर आपण देवाचं वचन नाकारलं, असा बोजा घेऊ नका. ज्याच्या घरात भांडण ताजं आहे त्याने १०९ लांब ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. मुलांसमोर तर नकोच.

आमच्याकडे प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना गौरव असो असं म्हणतात. स्तोत्र कितीही काळोखाचं असो, ८८ सारखं अंधारातच संपणारं असो, शेवटी गौरव येतोच. ही सवय कोणत्याही मंडळीच्या माणसाला लावून घेता येईल.

पांझराकाठ

मान्य. मीही १०९ घरच्या प्रार्थनेत घेतलं नाही. एकट्याने देवापुढे ते कधी लागेल हे मात्र ज्याचं त्याला कळतं. ज्यांच्यावर खरा अत्याचार झाला आहे त्यांच्या तोंडून ते काढून घेऊ नये, एवढंच.

सातपुडा_पायथा

यावलचा शेतकरी. सामाईक विहिरीचं दुखणं भोगलेलं आहे. दादा, प्रार्थना कराच, पण पाण्याच्या पाळ्या कागदावर आणा. गावातल्या दोन जाणत्यांच्या समोर, वार आणि तास लिहून, दोघांच्या सह्या घेऊन. मोटार दोघांची असेल तर पेटीच्या दोन चाव्या करा. स्तोत्रसंहिता वाचणाऱ्याने पंचायत करू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

आणि बांधावर बसून १६वं वाचा. परमेश्वर माझा वाटा आहे, माझ्यासाठी सीमेच्या दोऱ्या रम्य ठिकाणी पडल्या. वाटणी झालेल्या माणसाने ते वाचलं की काय होतं, ते वाचूनच कळेल. पेरणीच्या दिवसांत ६५ घ्या. नांगराच्या तासांत पाणी भरून ढेकळं मऊ करणारा देव त्यात आहे. आमच्या घरी मृगाचा पाऊस पडला की हेच.

पॉइंट्समन_भुसावळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

तारखेची रीत सुरू केली आहे. सकाळी घरी आलो की ४थं म्हणूनच झोपतो. खिडकीला ओलं पोतं लावून, बाहेर भुसावळचं ऊन.

आईसोबत १३६ घेतलं. पहिल्या दोन वचनांना ती नुसती बघत राहिली. तिसऱ्याला तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि ‘आहे’ म्हणाली, स्पष्ट. मग धाकटीने ‘सनातन’ म्हणायचं आणि आजीने ‘आहे’, असं आमचं बसलं. सिस्टर, तुम्हाला काय सांगू.

५५ धरून आहे. रोज त्यातल्या वेगळ्या वचनाशी थांबतो. ३५ भावाच्या तोंडून वाचून पाहिलं. पाळकसाहेब, त्यातून एक गोष्ट वर आली : वडिलांच्या आजारपणात शेत आणि वडील दोन्ही त्यानेच सांभाळले, आणि त्याबद्दल मी त्याला कधी एक शब्द बोललो नाही. कुलपाचं त्याने योग्य केलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण त्याच्या फिर्यादीत हे पहिलं कलम असेल.

आता विचारायचं एवढंच. त्याला फोन करून, ‘एका संध्याकाळी आईसाठी ये, तिच्याजवळ बसून एक स्तोत्र तू वाच’ असं म्हणावं का? त्या दिवशी विहिरीचा विषय मी काढणार नाही. आईला १३३ हवं असतं, तेच त्याला वाचायला द्यावं असं मनात आहे.

पांझराकाठ

फोन करा, आणि वडिलांची सेवा केल्याबद्दलचा तो शब्द फोनवरच बोला, भेटीपर्यंत ठेवू नका. पण १३३ त्याच्या हाती देऊ नका. तुम्ही दिलेलं १३३ त्याला टोमणा वाटेल. त्याला २३ द्या, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, तेही पाठ असेल त्याला. १३३ आईने मागितलं तर मागू दे, आणि मग दोघांनी मिळून वाचा.

विहिरीच्या कागदाचं यावलकर दादा म्हणतात ते खरं आहे, पण ते दुसऱ्या भेटीत.