साखर बंद करून दीड महिना झाला, वजन उतरलं पण पोट तिथल्या तिथंच

बिनसाखरेचा_बंड्या

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तर सांभाळून घ्या.

वय ३६, उंची ५ फूट ७, काम दिवसभर खुर्चीत. दीड महिन्यापूर्वी वजन ६८ होतं, आता साडेपासष्ट. कपड्यात बघितलं तर कोणीही मला बारीकच म्हणेल, हातपाय काड्यांसारखे, पण शर्ट काढला की पुढे ढेरी. बेंबीवर टेप धरून कंबर ९३ सेंटिमीटर भरते.

साखर का सोडली तर बायकोने केकसाठी वजनकाटा आणला, त्यावर मी एक दिवस सहज आमच्या चहाचा चमचा ठेवून बघितला. सपाट चमचा ४ ग्रॅम भरला आणि आमच्याकडे आई जो शीग लावून घालते तो ८ ग्रॅम. कपाला दीड चमचा म्हणजे १२ ग्रॅम आणि मी दिवसाला पाच कप पिणारा माणूस, म्हणजे ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, बिस्किटं वेगळीच. घाबरलो आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. आता सकाळी घरी गुळाचा चहा, ऑफिसात मशीनचा लेमन टी (दूध नाही, साखर मी घालत नाही), आणि चार वाजता भूक लागते तेव्हा खजुराचे दोन लाडू, बिनसाखरेचे, सासूबाई करून पाठवतात.

पहिल्या दहा दिवसांत दीड किलो झपकन उतरलं, मग हळूहळू एक किलो, आणि गेले दोन आठवडे काटा हलायला तयार नाही. कंबर फक्त एक सेंटिमीटर कमी झालीय. जिमचा ट्रेनर म्हणतो साखर म्हणजे थेट चरबी, पूर्ण सोडलीत तर तीन महिन्यांत पोट सपाट. मावसभाऊ म्हणतो कॅलरी ती कॅलरी, साखरेची काय आणि भाकरीची काय. नक्की खरं काय? आणि गूळ चालतो ना?

पावशेर

बंडोपंत, कंबर मोजताना श्वास सोडून मोजली का आत ओढून? आमच्याकडे दोन्हीत ६ सेंटिमीटरचा फरक पडतो. 😄

आहारवाली_शुभा

बंड्या, मी १४ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि तुमच्यासारखे आठवड्याला दोनचार तरी येतात, त्यामुळे घाबरू नका. पण ट्रेनरही पूर्ण बरोबर नाही आणि मावसभाऊही नाही.

आधी तुमचाच हिशोब बघू. ६० ग्रॅम साखर म्हणजे ग्रॅमला ४ प्रमाणे २४० कॅलरी. दीड महिन्याचे ४५ दिवस धरले तर १०,८०० होतात, आणि एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे त्या जागी दुसरं काहीही खाल्लं नसतं तरी साधारण १४०० ग्रॅम चरबी गेली असती. तुमचं गेलंय अडीच किलो. मग उरलेलं काय? पहिल्या दहा दिवसांतलं बरचसं पाणी. साखर-भात-पोळी कमी झाली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन (शरीराने जमवून ठेवलेली साखरच ती) उतरतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं ते पण जातं. काटा खूश होतो, पोटाला काही कळत नाही. आणि थोडे स्नायूही गेले असतील, त्यावर पुढे येते.

आता "साखर म्हणजे थेट चरबी" याबद्दल. रोजच्या साध्या खाण्यात साखरेची चरबी बनणं फार थोडं होतं. शरीर साखर आधी जाळून टाकतं आणि तेवढ्या वेळात तुम्ही खाल्लेलं तेल-तूप बाजूला साठवून ठेवतं, त्यामुळे शेवटी हिशोब एकूण किती खाल्लं यावरच येतो. १९९७ मध्ये अमेरिकेत ४२ जाड बायकांना सहा आठवडे रोज ११०० कॅलरींचं जेवण दिलं, एका गटात त्यातल्या ४३ टक्के कॅलरी साखरेच्या आणि दुसऱ्यात फक्त ४ टक्के. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला त्यातही हेच दिसलं, की साखर काढून तेवढ्याच कॅलरींचं दुसरं पिठूळ काही दिलं तर वजन जागचं हलत नाही. पण लोकांना नुसतं "साखर कमी करा" सांगून सोडलं तर सरासरी ८०० ग्रॅम उतरतं, आणि "जास्त खा" सांगितलं तर साधारण तेवढंच वाढतं. म्हणजे साखर काय करते तर पोट न भरता कॅलरी आत सोडते, आणि तीही मुख्यतः पिण्यातून. गोड गोळ्या चघळल्या तर लोक पुढच्या जेवणात आपोआप थोडं कमी खातात, तीच साखर सरबत-कोल्ड्रिंकमधून घेतली तर कमी खात नाहीत. चहा हे आपलं कोल्ड्रिंकच आहे हो, फक्त गरम.

मावसभाऊ कुठे चुकतो सांगते. साखरेत अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला वाटलं जातं, फ्रुक्टोज मात्र बहुतेक यकृताच्या वाट्याला येतं आणि ते फार झालं तर यकृत त्याची चरबी करतं. डेन्मार्कमध्ये ४७ जाड लोकांना सहा महिने रोज एक लिटर पेय दिलं, कोणाला साखरेचा कोला, कोणाला दूध, कोणाला डाएट कोला, कोणाला पाणी. २०१२ साली निकाल आला. अंगावरची एकूण चरबी चारही गटांत फारशी वेगळी नव्हती, पण साखरेचा कोला पिणाऱ्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी स्पष्ट वाढली होती. काट्यावर दिसत नाही असा हा प्रकार आहे. रोज लिटरभर कोला म्हणजे अतिच झालं हे मान्य, पण दिशा कळते.

आणि ही पोटाच्या आतली चरबी हेच तर आपल्या लोकांचं दुखणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं मोजली तर ती जन्माला सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही, कमी होते ते स्नायू. आपण जन्मतःच असे, "दिसायला बारीक, आतून जाड". म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं आणि पुरुषांची कंबर ९० च्या आत ठेवायची. तुमचा बीएमआय २३ च्या आतच असेल, पण कंबर ९३ आहे, मी तीच धरते.

लाडवांवर काकूंची माफी मागून सांगते, खजूर म्हणजे निम्म्याहून जास्त साखर, वर तूप आणि सुकामेवा. दोन लाडू म्हणजे तुमच्या जुन्या पाच कप चहाच्या साखरेइतक्या किंवा वरच कॅलरी. काटा का थांबला ते कळलं ना?

गुऱ्हाळकर

गुळाबद्दल मी बोलतो कारण आमचं गुऱ्हाळ होतं, करवीर तालुक्यात, आता बंद केलं.

रस काहिलीत घालतात, खाली चिपाडाचा जाळ, मग भेंडीचं पाणी मारलं की मळी वर येते ती काढायची, आटवत आटवत गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो, झाली की ओतायचं आणि रवे पाडायचे. यात कुठं साखर बाहेर जाते सांगा? उसाच्या रसातली साखरच ती. मळी गेली, पाणी गेलं, राहिली ती साखर आणि थोडे क्षार. लोह वगैरे असतं पण चहातल्या ८ ग्रॅम गुळात किती येणार. थोडा ओलावा असतो म्हणून तोलून बघितलं तर साखरेपेक्षा कॅलरी जरा कमी, एवढंच, आणि गूळ कमी गोड लागतो म्हणून माणूस खडा मोठाच टाकतो त्यात ते पण फिटतं. शिवाय काही ठिकाणी काहिलीत साखरेची पोती ओतून गूळ करतात हे आमच्या भागात कोणाला नवीन नाही, पिवळाधमक गूळ बघून खूश होऊ नका.

चवीसाठी खा, माझा तर जीव आहे गुळावर, काकवी-भाकरी मिळाली तर मी जेवण सोडीन. पण बारीक व्हायला म्हणून गूळ खाणाऱ्यांचं मला हसू येतं.

लो_कार्ब_लक्ष्मण

शुभाताई कॅलरीचं जुनंच पुराण लावून बसल्यात. साखर खाल्ली की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन असेपर्यंत चरबी कुलूपबंद, साधं आहे. मी साखर, भात, पोळी तिन्ही सोडलं, चार महिन्यांत ११ किलो गेले, भूक लागतच नाही. बंड्या, नुसत्या चहातली साखर सोडून काय होणार, पोळी म्हणजे पण साखरच.

आहारवाली_शुभा

लक्ष्मणभाऊ, ११ किलो गेले त्याबद्दल अभिनंदन, मनापासून. भूक लागत नाही म्हणता ना, तिथंच तुमचं उत्तर आहे, तुम्ही कमी खाताय.

कुलपाची गोष्ट तपासून झालीय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी १९ जाड माणसांना दवाखान्यात कोंडून ठेवलं, घास न् घास मोजून, ३० टक्के कॅलरी कमी केल्या, एकदा फक्त पिष्ट-साखरेतून आणि एकदा फक्त तेल-तुपातून. पिष्ट कमी केल्यावर इन्सुलिन उतरलं, जास्त चरबी जळायलाही लागली, तुम्ही म्हणता तसंच. पण शरीरातली चरबी रोज ५३ ग्रॅम कमी झाली आणि तेल-तूप कमी केल्यावर, इन्सुलिन फारसं न हलता, ८९ ग्रॅम. २०१५ चं आहे हे. सहाच दिवसांचा प्रयोग होता म्हणून त्यावरून "तेल सोडा" असं मी कोणाला सांगत नाही, पण इन्सुलिन उतरल्याशिवाय चरबी हलत नाही हे मात्र त्यात टिकत नाही. तुम्हाला तुमचं जेवण मानवतंय तर खुशाल चालू ठेवा, बंड्याच्या घरी पोळी बंद केली तर दोन आठवड्यांत भांडण होईल.

माजी_पैलवान

आमच्या तालमीत रोज थंडाई असायची. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी पाट्यावर वाटून दुधात, आणि साखर मूठ मूठ. बघणाऱ्याला वाटेल ही पोरं फुटतील. पण पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग आखाड्यात माती, संध्याकाळी परत लढती. पोटावर चिमटीत धरायला चरबी नव्हती.

आता खरं सांगतो. माझं लग्न झालं, नोकरी लागली, जोर सुटले, थंडाई आणि खुराक सुटला नाही. तीन वर्षांत ८२ चा १०४ झालो. तीच साखर, तेच दूध, तोच मी.

बंड्या, तुझे हातपाय काड्या आहेत हे तूच लिहिलंयस. खाल्लेलं ठेवायला तुझ्याकडे गोदामच नाही भावा, स्नायू हेच गोदाम, ते भरलं की उरलेलं पोटावर येतं. रोज वीस जोर वीस बैठका चालू कर, जमत नसतील तर भिंतीला हात लावून जोर मार, लाज वाटायचं कारण नाही.

आहारवाली_शुभा

पैलवान, लाखातलं बोललात. मघाशी म्हटलं ना स्नायूंवर येते, ते हेच. बंड्या, जेवणात प्रथिनं किती जातायत? सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरणभात असं असेल तर रडतखडत ४५ ग्रॅम होत असतील. ६५ किलोला ८० च्या आसपास न्या. एक अंडं ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, घट्ट वरणाची वाटी ६-७. चार वाजता लाडवांच्या जागी मूठभर फुटाणे आणि ताक घेऊन बघा. शेंगदाणे पण चालतील पण मूठ म्हणजे खरंच मूठ, ३० ग्रॅमला १७० कॅलरी होतात. आणि काटा महिन्यातून दोनदाच बघा, टेप दर रविवारी, सकाळी, श्वास सोडून (पावशेर यांनी बरोबर विचारलंय).

डोंबिवलीची_सुमन

मी ५८ वर्षांची आहे, माझं सांगते. चहा मी बिनसाखरेचा पिते बारा वर्षं झाली आणि सगळ्यांना अभिमानाने सांगायची. मग शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलं. सकाळी दोन चमचे च्यवनप्राश, दुपारी जेवणावर श्रीखंडाचा "जरासा", संध्याकाळी टोमॅटो सॉस, देवळातला प्रसाद, मैत्रिणीकडे कोकम सरबत. श्रीखंडाच्या डब्यावर वाचलं तर १०० ग्रॅममध्ये ४० च्या वर साखर! म्हणजे मी चक्क्यात साखर नाही तर साखरेत चक्का खात होते. हल्ली पाकिटांवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगवेगळी छापतात, बारीक अक्षरात असते, चष्मा लावून वाचा.

बिनसाखरेचा_बंड्या

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सुमनताई, तुमचं वाचून आज ऑफिसात पॅन्ट्रीतल्या काकांना म्हटलं त्या लेमन टीचं पाकीट दाखवा. ते हसायलाच लागले. घटक लिहिलेत त्यात पहिलंच नाव साखर, चहाचा नंबर त्याच्या खाली. एका कपाला किती ते पण छापलंय, ११ ग्रॅम. दिवसाला तीन कप. तरीच मी म्हणतोय जरा गोडसर लागतो, मला वाटलं लिंबाचा फ्लेवर असेल 🤦

म्हणजे दीड महिना साखर बंद करून मी रोज ३३ ग्रॅम साखर पीत होतो, गूळ आणि लाडू धरलेच नाहीत. काका म्हणाले साहेब, तुम्ही सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी गरम पाणी आणि पत्तीची पुडी दिली असती.

जोर मारून बघितले. सात झाले. आठव्याला पोरगं पाठीवर बसलं.

पावशेर

पोराचं वजन पण लिहा, शुभाताई हिशोबात धरतील.

बिनसाखरेचा_बंड्या

१४ किलो. आणि सासूबाईंना लाडू बंद करा हे कोण सांगणार त्याचा वेगळा धागा काढतो.