कास्टिंगला गंज: डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ) वाढवायचं की पॅकिंग बदलायचं?

चाकण_डिस्पॅच
मशिनिंग केलेली कास्ट आयर्न हाउसिंग, आत गनमेटलचं बुश. प्रत्येक पीस व्हीसीआय पिशवीत (गंज रोखणारी वाफ सोडणारी पिशवी), वर लाकडी क्रेट. स्टफिंग (कंटेनर भरणं) चाकणलाच, मग न्हावा-शेव्याहून जहाजाने हॅम्बुर्ग. पावसाळ्यात भरलेल्या मालात वरच्या क्रेटना गंज लागतो, शिवाय पिशवी जिथे फळीला टेकते तिथेही डाग पडतात. 20 फुटी कंटेनरमध्ये डेसिकंट म्हणून 1 किलोच्या 4 कॅल्शियम क्लोराइड पट्ट्या टांगतो. 8 केल्या तर भागेल का? लाकडावर एचटीचा (हीट ट्रीटमेंट, म्हणजे लाकूड तापवल्याचा) शिक्का आहे.

भोसरी_पॅकिंग
नाही भागणार. हिशेब करा. 20 फुटीत हवा साधारण 33 घनमीटर. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता धरली तरी त्या सगळ्या हवेत पाणी जेमतेम 800 ग्रॅम. आता लाकूड घ्या. 500 किलो क्रेट, मीटरवर 25 टक्के ओल. ही टक्केवारी सुक्या लाकडाच्या वजनावर असते, म्हणजे 400 किलो लाकूड आणि 100 किलो पाणी. वाटेत ते 15 टक्क्यांवर आलं तर 40 किलो पाणी बाहेर पडणार. एक पट्टी फार तर दीड-दोन किलो ओढते. पाणी तुम्ही चाकणहूनच भरून पाठवताय, समुद्र बिचारा उगाच बदनाम.

एचटीच्या शिक्क्याचा ओलीशी संबंध नाही. गाभ्यात 56 अंश, 30 मिनिटं, एवढीच अट. त्याने कीड मरते, लाकूड वाळत नाही. त्यात क्रेटवाल्याच्या यार्डात थप्पी उघड्यावर असली की पावसाने ती पुन्हा भिजते. पिनांचा मीटर घ्या आणि क्रेट गेटवर उतरतानाच तपासा. कापलेल्या टोकाला टोचू नका, टोक लवकर वाळतं आणि आकडा फसवा येतो. जाड रनरच्या (क्रेटखालच्या आडव्या लाकडाच्या) मधोमध टोचा. 18 टक्क्यांच्या वर गेलं की लॉट परत. फळी आणि पिशवी यांच्यामध्ये साधी प्लास्टिक शीट टाका.

कार्गो_सर्व्हे
वरचा गंज घामाचा दिसतो. रात्री छताचा पत्रा गार पडला की आतली वाफ त्यावर थेंब धरते आणि खाली टपकते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालणारं जहाज असेल तर आणखी वाईट, कारण आपल्या पावसाळ्यात तिकडे हिवाळा असतो.

रिकामा कंटेनर आला की आत उभं राहून दारं बंद करून घ्या. कुठूनही उजेड दिसला तर घेऊ नका. जुलैत घाट चढून आलेल्या कंटेनरची प्लायवूडची जमीन बऱ्याचदा ओली असते, तीही मीटरने बघा. मालाला हवा लागायची गरज नाही, तेव्हा व्हेंट आतून टेपने बंद करा. पट्ट्या भिंतीच्या पन्हाळीत, वरच्या अर्ध्या भागात.

विम्यावर विसंबू नका. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’ (मालाच्या विम्याचं सर्वांत व्यापक कलम) घेतलं असलं तरी अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे.

चाकण_डिस्पॅच
मीटर लावला. रनर 27, फळ्या 22. क्रेटवाल्याशी बोलतो. तोवर एक छोटी डेसिकंट पुडी प्रत्येक व्हीसीआय पिशवीतच टाकली तर?

भोसरी_पॅकिंग
कॅल्शियम क्लोराइड तर अजिबात नको. पुडी फुटली की मिठाचं पाणी थेट मशिनिंग केलेल्या फेसवर, म्हणजे गंजाला आमंत्रणच. पिशवीत वाफ टिकवायची असेल तर तोंड घडी घालून टेप मारा, नुसती गाठ नको. भोकं पडलेली पिशवी बाद. पिशव्यांचा रोल वापरून झाला की पुन्हा गुंडाळून ठेवा, उघडा पडला तर त्याचं रसायन उडून जातं.

गनमेटल आहे म्हणता, तर पिशवी मल्टिमेटलची (अनेक धातूंना चालणारी) हवी. फक्त लोखंडासाठीचा ग्रेड तांब्याच्या मिश्रधातूला काळा पाडू शकतो. सप्लायरकडून लेखी घ्या.

आणि वॉशिंग मशीनमधून निघालेला गरम पीस लगेच पिशवीत घालू नका. आत कोंडलेली ओल गार झाल्यावर पिसावरच उतरते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आरपी (गंजरोधक) ऑइल लावा, मगच पॅक करा. हातमोजे सक्तीचे.

कार्गो_सर्व्हे
पुढच्या तक्रारीच्या वेळी ग्राहकाकडून गंजाचे जवळून फोटो मागवा. बोटांच्या आकाराचा डाग म्हणजे हाताचा घाम, वरून गोल ठिपके म्हणजे छताचं पाणी, फळीच्या रेषेत पट्टा म्हणजे लाकूड. समुद्राचं पाणी शिरल्याचा संशय असेल तर डागावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सांगा; दुधी झाला तर क्लोराइड आहे. मात्र फुटलेल्या कॅल्शियम क्लोराइड पट्टीचं पाणीही तसंच दुधी होतं, म्हणून आधी पट्ट्या गळल्यात का ते बघायला लावा.