मदत हवी आहे : गळ्यात नळी, ऐकू कमी, भाषा तेलुगू, वडिलांशी संवाद कसा साधावा?

नमस्कार. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातले निवृत्त यंत्रमाग कामगार आहेत. जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा एक आजार) झाल्यामुळे ते काही आठवडे शहरातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा छातीपर्यंत चढला, श्वास अपुरा पडू लागला म्हणून आधी तोंडातून नळी घातली, आणि व्हेंटिलेटर लवकर निघणार नाही असे दिसल्यावर ट्रेकिऑस्टोमी केली, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली. आता व्हेंटिलेटर सुटला असून त्यांना वॉर्डात आणले आहे, परंतु गळ्यातली नळी अजून तशीच आहे आणि आवाज नाही. या आजाराचा मार मेंदूबाहेरच्या नसांवर बसतो, त्यामुळे माणूस हलू-बोलू शकत नसला तरी त्याला भोवतालचे सगळे कळत असू शकते. वडिलांना कळत होते याबद्दल आम्हा घरच्यांना शंका नाही.

तरीही आयसीयूतल्या नोंदींमध्ये ‘रुग्ण गोंधळलेला, सूचना पाळत नाही’ असे लिहिले गेले. भ्रम ओळखण्याच्या एका प्रचलित चाचणीत इंग्रजी अक्षरे एकामागून एक उच्चारतात आणि ‘ए’ ऐकू आला की रुग्णाने हात दाबायचा असतो. ज्यांच्या हातात त्या वेळी ताकदच नव्हती, ज्यांना इंग्रजी येत नाही आणि आयुष्यभर मागांच्या खडखडाटात काम केल्याने ज्यांचे कान अधू झाले आहेत, त्यांची अशी परीक्षा घेऊन काय हाती लागणार? या चाचणीत अक्षरांऐवजी चित्रे दाखवण्याचीही सोय आहे, असे मला नंतर वाचनात आढळले. शिवाय वडील समोरच्याचे ओठ पाहून बरेचसे समजून घेतात आणि तिथे प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. चष्मा तर भरतीच्या वेळीच आमच्या हाती दिला होता. सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) लोकांनी सेवेत काही कमी केले नाही. प्रश्न त्यांच्या हेतूचा नसून पद्धतीचा आहे, असे मला वाटते.

वॉर्डात आल्यावर घडलेली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उजव्या हातात थोडी हालचाल आल्यावर वडील बोटे वारंवार गळ्याजवळ नेऊ लागले. ते नळी ओढतील या भीतीने तो हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधण्यात आला. त्यांच्याच यंत्रमागाच्या शेडमधले एक जुने सहकारी भेटायला आले असताना मी सिस्टरांना विनंती करून पट्टी सोडवून घेतली. वडिलांनी लगेच अंगठा व तर्जनी एकमेकांना टेकवून झटक्याने अलग केली आणि मग तळवा खाली दाबला. ते गृहस्थ म्हणाले, “धागा तुटलाय, माग थांबव, असं सांगतोय तो.” पाहिले तर गळ्यापाशी येणारी ऑक्सिजनची नळी जोडावरून निसटली होती. शेडमध्ये हाक मारून कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तिथे बराचसा कारभार अशा खुणांवर चालतो, हे पूर्व भागात वेगळे सांगायला नको. हात बांधण्यामागचे कारण मला समजते, परंतु ज्याचा आवाज गेला आहे त्याचा हातही बांधला तर त्याने सांगायचे कशाने? नळीला धक्का लागू नये आणि हातही मोकळा राहावा, असा काही मार्ग कुणी वापरला आहे का?

सध्या एकदा डोळे मिटले तर ‘हो’ आणि दोनदा मिटले तर ‘नाही’ असे ठरवले आहे. मात्र प्रत्येक पाळीला नवी सिस्टर येते आणि तिला ते ठाऊक नसते, म्हणून पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत सूचना लावली आहे.

दुसरा प्रश्न बोलण्याच्या झडपेविषयी, म्हणजे स्पीकिंग व्हॉल्व्हविषयी आहे. श्वास नळीतून आत येतो, पण बाहेर पडताना झडप मिटते आणि हवा नळीच्या बाजूने स्वरयंत्राकडे वर जाते, त्यामुळे आवाज फुटतो, एवढे मला समजले आहे. नळीभोवतीची जागा बंद करणारा फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय झडप बसवली तर श्वास बाहेर टाकायला वाटच राहत नाही, म्हणून हा घरगुती प्रयोगाचा विषय नव्हे, हेही जाणतो. डॉक्टर म्हणतात, ‘अजून कफ फार आहे, थांबू या.’ कफ किती कमी झाल्यावर आणि कोणत्या तपासण्यांनंतर आपल्या रुग्णाला ही झडप बसवली गेली, हे अनुभव असलेल्यांनी सांगावे. सोलापुरात ट्रेकिऑस्टोमीच्या रुग्णांबरोबर काम केलेले स्पीच थेरपिस्ट आहेत का? लहान मुलांच्या तोतरेपणावर उपचार करणारे भेटले. त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले की हे त्यांचे क्षेत्र नाही. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, पण या अवस्थेत तेवढा प्रवास शक्य नाही. तिथून दूरध्वनीवर किंवा व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन मिळाल्याचा कुणाचा अनुभव असल्यास कळवावे.

वडिलांचे शिक्षण तेलुगू शाळेत झाले असल्याने मी मोठ्या तेलुगू अक्षरांचा आणि खाली मराठी अर्थ असलेला तक्ता करतो आहे, म्हणजे ते बोट ठेवतील आणि सिस्टर वाचतील. दुखते आहे, कफ ओढा, कूस बदला, तहान लागली, भीती वाटते, घरच्यांना बोलवा, एवढे लिहून झाले आहे. ‘यांपैकी काहीच नाही’ असाही एक चौकोन ठेवला आहे, कारण तो नसेल तर रुग्ण आपण दिलेल्या पर्यायांतच अडकून पडतो. शेडमधल्या खुणांची चित्रेही त्यात घालावीत असा विचार आहे. अशा रुग्णाजवळ राहिलेल्यांनी आणखी कोणते शब्द लागले ते कृपया लिहावे, विशेषतः रात्रीच्या पाळीत लागणारे.